लोखंड लांब ठेवा

अंशकाकांच्या जवळ जायचं तर आधी खिसे रिकामे करावे लागत. तुळिंजच्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीत दर रविवारी सकाळी ते पितळी होकायंत्र डोळ्याला लावून उभे असत आणि जिना चढणाऱ्यावर वरूनच हुकूम सुटे, "लोखंड लांब ठेवा!" किल्ल्या, घड्याळ, छत्री, सगळं दाराशी. मी एकदा विचारलं, "पट्ट्याचं बक्कल चालेल?" तर म्हणाले, "तुम्हाला चालेल हो, सुईला नाही चालणार."

त्यांची उमेदीची सगळी वर्षं फौजेत, नकाशांसाठी जमीन मोजण्यात गेली होती. होकायंत्र इंग्रजांच्या वेळचं, त्यांच्या उस्तादांनी निवृत्त होताना दिलेलं. त्यातून ते जीवदानीच्या डोंगराचा कोन मोजत. उत्तरेपासून वीस अंश. दर वेळी तेवढाच यायचा, आणि दर वेळी काका असे खूश व्हायचे, जणू आठवडाभरात डोंगर पळून जाणार होता. बाजारात कुणी दवाखाना विचारला तरी सांगायचे, "इथून नव्वद अंश, दोनशे पावलं." विचारणारा बिचारा पुढे जाऊन दुसऱ्याला विचारायचा. अंशकाका हे नाव त्यातूनच पडलं.

त्या सुमारास सगळ्यांना वास्तुशास्त्राचं वेड लागलं होतं. वसईला आम्ही एक फ्लॅट पाहिला होता, त्याच्या दाराची दिशा बघायला मी होकायंत्र मागितलं. कधी कुणाच्या हाती न दिलेली ती वस्तू काकांनी रुमालात बांधून दिली. "शेजारी आहात म्हणून," म्हणाले. दार मोजून घरी आलो आणि ते गाठोडं नव्या टेपच्या भल्यामोठ्या स्पीकरवर ठेवलं. स्पीकरच्या पोटात लोहचुंबक असतं, हे मला शाळेपासून ठाऊक होतं. दोन दिवसांनी उचललं तर सुई मरगळलेली, वाटेल तिथे थांबत होती.

"अहो, सांगून टाका ना काकांना," बायको म्हणाली. "फार तर रागावतील." मला तेवढंही नको होतं. मी रुमालाची गाठ तशीच मारून यंत्र परत केलं. त्याची आजही लाज वाटते.

रविवारी काकांनी डोंगर मोजला. बत्तीस. पुन्हा मोजला. अकरा. चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजला. किल्ल्या दाराशी ठेवून मी शेजारीच उभा होतो. "यंत्र तेच, डोंगर तोच," ते हळूच म्हणाले. "म्हणजे माझंच काहीतरी बिघडलं." उस्तादांच्या यंत्रावर शंका घेणं त्यांच्या मनातही आलं नाही. माझ्यावर तर नाहीच.

त्यानंतर ते गच्चीत आले नाहीत. बाजारात कुणी पत्ता विचारला तर नुसती मान हलवायचे. दोन महिन्यांनी ते साताऱ्याला लेकीकडे राहायला निघाले, तेव्हा होकायंत्र त्यांनी माझ्याच हातात ठेवलं. "जपा. त्यात काही दोष नाही." मी ते खिशात घातलं आणि त्यांची पेटी रिक्षात चढवली.

काही वर्षांनी काका वारल्याचं कळवायला लेकीचा फोन आला. "बाबा इथे कधी एकटे बाहेरच पडले नाहीत हो. वाट चुकेन म्हणायचे. आयुष्यभर दिशा सांगितलेला माणूस, असं कसं झालं असेल?"

होकायंत्र समोरच कपाटात होतं.

"वय झालं होतं त्यांचं," मी म्हणालो.