भाऊमास्तर आणि सृष्टीचा कायदा

कल्याणात आमच्या शेजारी राहणारे भाऊमास्तर अंगावर आलेल्या कुत्र्यालासुद्धा छत्रीने हाकलत नसत. छत्री पावसासाठी असते, असे म्हणत कुत्रे दमेपर्यंत उभे राहत. ज्याचा जो हेतू तो मोडू नये, हाच सृष्टीचा कायदा. सरकारचा आणि पंचांचा त्यामागून, असे त्यांचे मत.

लहान मुलींच्या लग्नांवरून गावात वाद पेटला तेव्हा ते भर देवळात उठून म्हणाले, "कैरी पाडाला आल्याशिवाय झाडसुद्धा तिला सोडत नाही. तुम्ही पोरींना कसं सोडता?" विधवांचे केस कापण्यावरूनही बोलले, उगवलेले केस कापणे सृष्टीच्या कायद्यात बसत नाही म्हणाले. "मग मास्तर, तुम्ही नखं का कापता?" एका गृहस्थाने टोमणा मारला. मास्तर घरी गेले, बरेच दिवस विचार केला आणि त्याच्या दारात जाऊन म्हणाले, "माझी नखं मी कापतो. तिचे केस तुम्ही कापता." असा हा चक्रम, सरळ माणूस. जीभ खरे सांगायला दिली आहे, म्हणत. आणि खोटे त्यांच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते.

प्लेगच्या साली मी बाळंतपणाला माहेरी आले होते. लेक तान्हा, आणि मला ताप भरला. तापकऱ्याला छावणीत नेत, आणि आमच्या आळीतून नेलेले कोणी परतले नव्हते. अंगावर पिणारे पोर माझ्यामागे जगले नसते. तपासणीवाले आळीत शिरले तशी आईने मला मास्तरांच्या घरामागच्या लाकडांच्या खोलीत ढकलून बाहेरून कडी घातली आणि पोर त्यांच्या मांडीवर ठेवले. तोंडात पदर कोंबून मी अंधारात बसले.

तपासणीच्या साहेबाबरोबरचा कारकून मास्तरांचा जुना विद्यार्थी होता.

"मास्तर, या मुलाची आई कुठाय?"

पोर रडू लागले.

"तळ्यावर गेलीय," शेवटी त्यांचा आवाज आला. "धुणं धुवायला."

कारकुनाने साहेबाला समजावले, या घराची झडती नको, हे गृहस्थ खोटे बोलत नाहीत. बूट वाजत दूर गेले.

ताप साध्या हिवाचा निघाला. आळीने मास्तरांचे फार कौतुक केले आणि तेच त्यांना सोसेना. देवळातल्या वादांत ते तोंड उघडेनासे झाले. "मला नका विचारू," एवढेच म्हणत. सासरी निघताना पाया पडायला गेले.

"भाऊ, तुमच्यामुळे आम्ही दोघं..."

"आभार मानू नकोस, यमे. तुला प्लेगची गाठ असती तर सगळी आळी माझ्या जिभेनं मेली असती. आणि त्या कारकुनानं माझ्यावर भरवसा ठेवला, तोच मी वापरला."

"मग मला त्यांच्या हवाली करायला हवं होतं?"

"आईपासून तान्हं तोडायचं? तो कुठला कायदा?"

मला रडूच फुटले. "मग पुन्हा कोणी विचारलं तर काय सांगाल?"

मास्तरांनी पोराचे टोपडे नीट केले.

"तळ्यावर गेलीय, हेच सांगेन. पण ते बरोबर होतं, असं मला म्हणायला लावू नकोस."