जपानात मी उडीद-चवळी मिसळली, ती गोष्ट

२००१ साल. मी तवा एकसष्ट वर्षांचा. कुंभार पिंपळगावच्या स्टँडवर जालन्याच्या गाडीत चढलो, काखेत कडक भाकरीचं गाठोडं.

"काका, कुठं निघाले?" कंडक्टर म्हणला.

"जपान."

सगळी गाडी हसली. "मंग भाकरी कशाला? तिथं लोक जेवत न्हाईत का?"

"जेवतात. पर ते माझ्या लेकीचं घर हाय."

मंग कोणी हसलं न्हाई. माझी माय म्हणायची, लेकीच्या दारात उभं ऱ्हावं, तिच्या ताटावर बसू नये.

गाववाल्यांनो, तुम्ही दरवेळी विचारता, तुझी लेक सुमन तिथं करती काय? ऐका. अणुभट्टी बिघडून वितळली की आतलं इंधन, लोखंड, सिमेंट एकात एक मिसळून दगड व्हतं. वरून पाणी. कुठं काय गोळा झालं, आत जाऊन कोणी बघू शकत न्हाई. एखाद्या जागी इंधन आन पाणी नेमकं जमलं, तर थंड पडलेलं इंधन आपोआप पुन्हा पेटतं. म्हणून सुमन कॉम्प्युटरात तसल्या मिसळी करून बघती, कोणती पेटंल, कोणती न्हाई.

"वल्या कडब्याची गंजी आतल्या आत आपोआप तापती तसं?" मी इचारलं.

"बिलकुल तसं न्हाई, आबा."

तरी गावाला आलो की मी तसंच सांगतो.

तिची माय गेल्यावर मी गावात एकटा, ती तिथं एकटी, म्हणून तिनं मला नेलं. पर गाठोडं संपलं आन पंचाईत झाली. तिनं ताट वाढलं. मी हात लावला न्हाई. "आधी काम दे. कमवून खाईन."

"आबा, असं कराल तर वापस पाठवावं लागंल."

"पाठव."

मी उपाशी, तर तीबी उपाशी. हट्ट माझाच उचललाय तिनं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी व्हती. तिनं परात पुढं ठेवली. "उडीद म्हंजी इंधन, चवळी म्हंजी सिमेंट. मिसळा. आपोआप झाल्यासारखी मिसळ पाहिजे."

उभा जन्म पेरताना बी सोडायच्या चाड्यावर मूठ धरलेला माणूस मी. बी कधी दाट न्हाई, कधी पातळ न्हाई. मिसळून दाखवलं. "घे चिमूट कुठूनबी. बराबर सारखं."

"लईच सारखं झालं, आबा! वितळताना कोणी हात फिरवत न्हाई. कुठं गुठळी, कुठं मोकळं. धोका तिथंच."

मी गुठळ्या केल्या. ती पोट धरून हसली. "ह्याबी रांगेत बसवल्या!"

डोळे झाकून केलं. हात पुन्हा पेरणीच्या सरळ तासावरच चालला. माझ्या हाताला गबाळं काम जमत न्हाई, त्याला मी काय करू?

शेवटी ती म्हणली, "झालं काम. जेवा." कामाचं अन्न, नीट खाली उतरलं. ढेकर देऊन इचारलं, "मंग पेटली का माझी मिसळ?"

"तुम्ही जेवस्तोवर कॉम्प्युटर हजार मिसळी करून मोकळा झाला."

"मंग मला कशाला बसवलं?"

ती भांडे घासत व्हती. वळली न्हाई. "तुम्ही जेवावं म्हणून. उद्या काय काम सांगू, त्याचाच इचार करून राह्यले."

मला राग आला. लई आला. पर भरल्या पोटी राग टिकत न्हाई.

पिंपळगावचं घर माझ्या नावावर हाय, आन राहील. जपानातलं भाड्याचं. तरी घर कोणतं, असं कोणी इचारलं की मला तिथली पुढची सकाळ आठवती. मी काम मागितलं न्हाई. ताटावर जाऊन बसलो, पहिला घास घेतला आन म्हणलं, "सुमे, भाजीत मीठ कमी हाय."