होकाराचा भोंगा

माझे सासरे आणि मी एकमेकांशी मोटारीच्या भोंग्यातून बोलत असू.

एरवी आम्ही बोलतच नव्हतो. भांडण नव्हतं, रीत होती. आबासाहेब महाराजांच्या रिसाल्यातून निवृत्त झालेले, आणि बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरात सुनेनं सासऱ्यांसमोर तोंड उघडायचं नसे. डोक्यावर पदर, मान खाली. होय म्हणायचं असेल तर पदर किंचित हलायचा. नाही म्हणायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती, म्हणजे कुणी येऊच दिली नव्हती.

अशा घरातून मला कन्याशाळांची तपासनीस व्हायचं होतं! महाराजांनी गावोगाव मुलींसाठी शाळा काढल्या होत्या आणि त्या बघत फिरायला शिकलेली बाई हवी होती. विद्याखात्यातल्या गुजराती साहेबांसमोर मी घडाघडा बोलले (आबासाहेब तिथे नव्हते). साहेब खूश झाले. पण म्हणाले, "बेन, तुमच्या आधीच्या बाई पावसाळा आला की घरी बसायच्या. भादरव्यात, ऐन पावसात, मी करजणच्या पुढच्या एका शाळेत येणार आहे. त्या दिवशी तुम्ही आपल्या आपण तिथे पोचून दाखवा. जागा तुमची."

घरी ही बातमी आमच्या यांनी आबासाहेबांना सांगितली. हे हुजूर कचेरीत कारकून होते आणि घरातही कारकूनच होते. इकडचा कागद तिकडे पोचवायचा, स्वतःचा शेरा मारायचा नाही. आबासाहेब म्हणाले, "परक्याच्या टांग्यातून सूनबाई गावोगाव हिंडणार नाहीत. आपली मोटार स्वतः हाकतील तर खुशाल जाऊ देत." सूर्य पश्चिमेला उगवला तर उद्या सुट्टी, असं सांगावं त्या सुरात ते म्हणाले होते. मी मात्र ते परवानगी म्हणूनच घेतलं.

मोटार होती. विलायतेला परत जाणाऱ्या एका इंजिनिअराकडून घेतलेली, कापडी टपाची, दाराबाहेर रबरी फुग्याचा भोंगा असलेली. सपाट सडकेवर चालवायला यांनीच शिकवलं. पण माझ्या शाळा सडकेवर नव्हत्या. त्या चिखलात, वाळूत आणि शेतांपलीकडे होत्या. त्या आडवाटांचं शिक्षण अनुभवी माणसांकडूनच हवं, असं ठरलं. अनुभवी माणसं घरात दोन होती. एक आबासाहेब, ज्यांचा अनुभव घोड्यांचा होता. दुसरे आमच्या नणंदेचे यजमान, जावईबापू, जे महायुद्धात बसऱ्याच्या वाळवंटात फौजेच्या लॉऱ्यांबरोबर होते. लॉरीत नक्की कुठे बसत, हे विचारायची सोय नव्हती. जावयाला असं विचारत नाहीत.

पहिला धडा सुभानपुऱ्याकडच्या शेतांत झाला. मी चाकामागे, शेजारी जावईबापू, मागे आबासाहेब. पहिलाच घोळ तिथे झाला. मागून आबासाहेबांनी विचारलं, "सूनबाई, पुढचा उतार दिसतोय ना?" मी पदर हलवला. टपाखाली तो त्यांना दिसला नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा हलवला, आणि या नादात गाडी एरंडाच्या शेतात शिरली.

"हे असं चालायचं नाही," आबासाहेब म्हणाले. "रिसाल्यात आमचं सगळं बिगुलावर चालायचं. सूनबाई, होय असेल तर भोंगा एकदा वाजवायचा."

संध्याकाळी यांनी भीत भीत विचारलं, "आणि नाही म्हणायचं असेल तर?"

आबासाहेबांनी आश्चर्यानं त्यांच्याकडे पाहिलं. "कशाला?"

विषय तिथेच मिटला.

पुढचे धडे रंगत गेले. ओढ्याच्या काठावर आबासाहेब म्हणत, "लगाम ढिला सोड. तिची ती पाऊल बघून टाकेल." जावईबापू म्हणत, "छे छे, वहिनी, पहिला गिअर धरा आणि ब्रेकला हात लावू नका. बसऱ्याला ब्रेक लावला की संपला माणूस." आबासाहेब म्हणत, "घाबरू नकोस. तू घाबरलीस की तिला कळतं." जावईबापू म्हणत, "वाळूत थांबायचं नाही, चिखलात तर नाहीच नाही. आणि रुतलीच तर टायरातली हवा सोडायची." मी दोघांनाही भोंगा वाजवून होकार द्यायची आणि तिसरंच काहीतरी करायची. गाडी पार व्हायची. दोघंही एकमेकांकडे पाहून मिशीत हसत. प्रत्येकाला वाटे, आपलंच ऐकलं. त्या पावसाळ्यात मी खरोखर शिकले. बैलगाडीच्या चाकोरीत चाकं न घालता मधल्या उंचवट्यावरून कसं न्यायचं, पाणी चमकतं तिथे माती कशी असते, सगळं हाताला कळायला लागलं. स्वतःचा अभिमान वाटावा असं सासरी आल्यापासून प्रथमच काही घडत होतं, आणि तो अभिमान मी पदराखाली झाकून ठेवला होता.

परीक्षेचा दिवस आला. सुनेला एकटं सोडायची रीत नसल्यानं दोन्ही अनुभवी माणसं गाडीत होतीच. करजणपर्यंत मी फुलासारखी गाडी नेली. पुढची शाळेची वाट लांबची होती, पण खडकाळ, भरवशाची. तेवढ्यात आबासाहेबांना उजवीकडे शेतातून जाणारी वाट दिसली.

"सूनबाई, ही जवळची. इकडून घेऊ या, काय?"

समोर काळी जमीन होती, आदल्या रात्रीच्या पावसानं लोण्यासारखी झालेली. मला नाही म्हणायचं होतं. आयुष्यात एवढं मनापासून नाही मला कधीच म्हणावंसं वाटलं नव्हतं. मी भोंग्यापासून हात लांब ठेवला.

"लाजते आहे," आबासाहेब जावईबापूंना म्हणाले. "वळव, वळव."

मी वळवली. थोडं पुढे गेल्यावर गाडीनं बसकण मारली.

जावईबापू उत्साहानं उतरले आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी चारही टायरांची हवा सोडली. वाळूत तो उपाय असेल. करजणच्या चिखलात गाडी आणखी वीतभर खाली गेली. शेजारच्या शेतातून एक खेडूत ओरडला, "काका, बळद जोडी दउं?"

"माझ्या मोटारीला बैल?" आबासाहेब कडाडले. तो बिचारा निघून गेला, बैलांसकट.

आता ढकलायला हवी होती. कुणी ढकलायची, हा प्रश्न आला. जावयाला चिखलात उतरवून धक्का मारायला लावणं शक्य नव्हतं. नणंदेच्या सासरी काय तोंड दाखवणार? आबासाहेबांना लावणं तर बोलायलाच नको. राहिले कोण? ज्या एकटीला त्या चिखलातून गाडी काढता येत होती, ती पदर खोचून गाडीमागे गेली आणि ज्याला येत नव्हती तो चाकामागे बसला. माणसं घसरतात, पण रीत घसरत नाही.

मी ढकलली. जावईबापूंनी इंजिनाचा असा गोंगाट केला की सगळं शेत उडून माझ्या अंगावर आलं. केसांत चिखल, कानांत चिखल, परीक्षेसाठी नेसलेली साडी पायापासून डोक्यापर्यंत एकाच रंगाची. आणि मग गाडी सुटली. हलली, डुलली आणि निघाली. मी थांबले, ते थांबतील म्हणून. पण चिखलात थांबायचं नाही हा जावईबापूंचाच नियम होता. गाडी बसक्या टायरांवर फतफत करत दिसेनाशी झाली.

मी चालत शाळेत पोचले तेव्हा कडुलिंबाखाली चहा चालला होता. जावईबापू तोंडात गाठिये भरून बसऱ्याची हकिकत सांगत होते. साहेबांनी मला ओळखायला जरा वेळ घेतला.

"अरे बेन! मोटर तर या भाईंनी आणली. तुम्हाला येते की नाही?"

मी आबासाहेबांकडे पाहिलं. ते समोर बसले होते. मी बोलले असते तर आभाळ कोसळलं नसतं. (कोसळलं असतं तर निदान चिखल धुऊन निघाला असता.) पण जीभ हलेना. साहेब वाट पाहत होते. ज्या बाई कचेरीत बोलायच्या थांबत नव्हत्या, त्यांना काय झालं, हे त्यांना कळत नव्हतं. मग मला एकच सुचलं. मी वळले, मोटारीपाशी गेले आणि भोंगा दाबला. एकदा.

त्या अंगणात त्याचा अर्थ ठाऊक असलेली माणसं दोन होती. जावईबापूंचं तोंड भरलेलं होतं. आबासाहेबांनी माझ्याकडे बघितलं, नीट बघितलं, मग ढगांकडे बघितलं.

"निघायला हवं," ते साहेबांना म्हणाले. "सूनबाई घाई करताहेत."

साहेबांनी हात जोडले. "बरं तर. आवजो, बेन."

जागा गेली. पुढे ती कुणाला मिळाली, मी विचारलं नाही. टायरांत हवा मीच भरली, कारण जावईबापूंचे हात चाक धरून दुखत होते. त्याच कारणानं परतीला गाडीही मीच चालवली, खडकाळ वाटेनं, एकदाही न अडता. करजण मागे पडल्यावर मागून आवाज आला, नेहमीपेक्षा हळू.

"सूनबाई, वाईट वाटलं का?"

मी भोंगा वाजवला. एकदा वाजवून पुरेना. पुन्हा वाजवला, पुन्हा वाजवला. बडोद्याची वेस येईपर्यंत माझा हात त्या रबरी फुग्यावरून निघाला नाही. म्हशी रस्ता सोडून पळाल्या, माणसं दारात येऊन उभी राहिली, आणि मी पदराखाली रडत वाजवतच राहिले.

दारात हे उभे होते. "काय झालं? जमलं का?" त्यांनी विचारलं.

आबासाहेब उतरले, काठी टेकली आणि अनुभवी माणसाचा निकाल दिला. "गाडीचं अजून कच्चंच आहे. पण भोंगा मात्र छान वाजवते हो."

एवढ्या खटाटोपातून मिळालेलं माझं प्रशस्तिपत्र ते एवढंच.