पाठीमागचा आवाज

कानात यंत्रं बसवली त्या दिवशी ह्यांचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटला. इतक्या वर्षांचा नवरा, आणि बोलतोय कुणी परकाच, ह्याचं मला रडू आलं. त्याआधी आमच्या घरातलं बोलणंच आटत गेलं होतं. मी "काय?" म्हणायचे, हे "काही नाही" म्हणायचे आणि विषय संपायचा. त्या "काही नाही"चा मला फार राग यायचा.

कान तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, रोज ओळखीच्या आवाजावर सराव करा, ओठ न बघता. म्हणून दुपारची जेवणं झाली की आम्ही पाठीला पाठ करून खुर्च्या मांडायचो. ह्यांनी एक वाक्य बोलायचं, मी ते परत म्हणून दाखवायचं. बाईंनी वाक्यं लिहून दिली होती, पण ती ह्यांना पटेनात. "आज हवा छान आहे, असं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुला कशाला सांगू?"

मग हे मनचंच बोलू लागले. मी डोळे मिटायचे आणि ह्यांच्या लहानपणीच्या कसब्यातून आम्ही दोघं चालू लागायचो. बुरुडांच्या दारातल्या ओल्या बांबूचा वास यायचा, देवळाच्या पायऱ्या पायांना गार लागायच्या. अर्धे शब्द कानांवर पडायचे, उरलेले मी पेंगता पेंगता भरून काढायचे.

"तिथं विहीर नव्हती," हे म्हणायचे. "ती तुझी तूच खणलीस."

पुढे बाईंनी गोंगाटात सराव करायला सांगितलं. त्याची आमच्याकडे वाण नव्हती. खिडकी उघडली की तांबट आळीतले ठोके थेट घरात. त्यांत ह्यांचा आवाज पार बुडून जायचा. आता हा आपल्याला पुन्हा सापडायचा नाही, असं वाटायचं.

एका दुपारी ठोके चालूच होते, मी पेंगत होते. हे हळूच म्हणाले, "मधली वर्षं मला करमत नव्हतं."

ह्या वेळी डबा नव्हता. वाक्याच्या शेवटी जरा खाली बसणारा, हा माझ्याच माणसाचा आवाज होता. शब्दन्‌शब्द कळला. तरी जुन्या सवयीनं तोंडून निघून गेलं, "काय?"

आता येणार "काही नाही", म्हणून मी अंग चोरून बसले. मागची खुर्ची किंचित वाजली.

"मला करमत नव्हतं," हे पुन्हा म्हणाले, "तुझ्याशी बोलल्याशिवाय."

ऐकलेलं वाक्य परत म्हणायचं, हा सरावाचा नियमच होता. मी म्हटलं, "मला करमत नव्हतं, तुमच्याशी बोलल्याशिवाय."