उधाणाच्या ओहोटीत पळालेला मास्तर

रेवसच्या धक्क्यावर बोटीतून उतरताना माझा एक पाय चिखलात गेला आणि दुसरा एका बाईच्या टोपलीत. "मास्तर, बोंबलांचा चेंदा केलात की!" ती म्हणाली. मी मास्तर आहे हे तिने कशावरून ओळखले कोण जाणे, बहुधा छत्रीवरून.

तिथून बैलगाडीने दोन कोस हाडे खिळखिळी करून घेत मी कोळीवाड्यात पोहोचलो. आमच्या शाळेच्या शिपायाचा मामा, पोशा तांडेल (होडीचा प्रमुख), याच्याकडे मुक्काम होता. वय झाल्यामुळे तो आता घरीच जाळी दुरुस्त करी. त्याची बायको चांगुणाबाय ठार बहिरी होती. कानाशी तोंड नेऊन ओरडले तरच तिला ऐकू जाई. सून जनी हिने तांदळाची भाकरी आणि कालवांचे (खडकावरच्या शिंपल्यांचे) कालवण वाढले. मी इतके जेवलो की जनीने भाकरीचे पीठ पुन्हा मळले.

पोट भरले की माझ्यातला भूगोलाचा मास्तर जागा होतो. ओटीवर जमलेल्या बायकांना मी भूकंपाच्या लाटेविषयी सांगू लागलो. परदेशात असे झाल्याचे मी नुकतेच वाचले होते. "आधी समुद्र मागे हटतो, तळ उघडा पडतो. लोक मासे वेचायला धावतात. आणि मग माडाएवढी लाट येऊन सगळे गाव नेते!" बायका तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. मला फार बरे वाटले. चांगुणाबाय कोपऱ्यात बसून माझ्या हातवाऱ्यांना हसत होती.

सकाळी किनाऱ्यावर गेलो आणि जागीच थिजलो. काल घराच्या पायरीला लागलेला समुद्र पार लांब गेला होता. उघड्या पडलेल्या काळ्या खडकांवर बायका कालवे फोडत होत्या. पोशा जाळे विणत बसला होता.

"तांडेल, समुद्र कुठे गेला?"

"उधान हाय आज, मास्तर," तो मान वर न करता म्हणाला.

उधाण! आमच्याकडे उधाण म्हणजे पाणी चढणे. पुनवेच्या उधाणात भरती जशी वर चढते तशी ओहोटीही दूर जाते, हे कोळीवाड्यातले शेंबडे पोरही जाणते. मी मात्र बी.ए. होतो. "लाट येते! वर पळा!" असे ओरडत, धोतराचा सोगा हातात धरून मी गावामागच्या टेकाडाकडे सुटलो. पोशा "अवो, ऐका तरी!" म्हणत राहिला. रात्रीचे माझे व्याख्यान दुर्दैवाने फार चांगले झाले होते. खडकांवरच्या बायका टोपल्या टाकून माझ्यामागे धावल्या.

टेकाडावर मी पहिला पोहोचलो. छत्रीसुद्धा विसरलो नव्हतो. समुद्र शांत होता. हळूहळू बायका हसू लागल्या, मीही ओशाळून हसलो. एवढ्यात जनी किंचाळली, "आयव खं हाय?" (सासू कुठे आहे?)

चांगुणाबाय सर्वांत पुढच्या खडकावर पाठमोरी बसून एकटीच कालवे फोडत होती. ओहोटी संपून पाणी फिरले होते. त्या खडकाच्या अलीकडचा चर आधी भरतो आणि मग परतीची वाट बुडते. रोज बायका एकमेकींना हाका मारून, तिला खांद्याला धरून उठवत. आज तिला उठवायला कोणी उरलेच नव्हते.

आम्ही खाली पोहोचलो तेव्हा पोशा कमरेएवढ्या पाण्यातून तिला हाताला धरून आणत होता. मी गुडघाभर पाण्यात शिरलो, पडलो आणि जनीलाच मला उठवावे लागले.

पोशाने बायकोच्या कानात ओरडून सारी हकिकत सांगितली. आता ती शिव्या घालणार म्हणून मी मान खाली घातली. तिने डोक्यावरची भरलेली टोपली खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिले.

"लाट येनार व्हती, त मना (मला) सांगाला कोन आयला?"

परतीच्या बोटीत शेजारच्या गृहस्थांना मी माझ्या पळापळीची गोष्ट रंगवून सांगितली. ते पोट धरून हसले, मीही हसलो. पुढे शाळेत, घरी, सगळीकडे ती सांगितली आणि दर वेळी टेकाडावरच्या हशाशी थांबवली. त्या बाईचा प्रश्न आज पहिल्यांदा लिहितो आहे.