लाखोरीचे शेंडे

ऐंशीचं साल जवळ आलं होतं. दिवाळीआधी मला टायफॉइड झाला आणि अंगात त्राण उरलं नाही, म्हणून नागपूरच्या कॉन्व्हेंट शाळेतून रजा घेऊन मला एकोडीला बाबांच्या थोरल्या भावाकडे ठेवलं. मी त्यांना मोठे बाबा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला मोठी आई. तिथे मला फारसं बोलावं लागत नसे, याचंच बरं वाटायचं. सपरीतल्या, म्हणजे ओसरीतल्या, खाटेवर पडून मी झोप आणि जाग यांच्या मध्येच कुठेतरी असायची.

माझ्यासमोर गोठा होता. त्यातली पांढरी गाय मोठ्या आईच्या माहेरून, बपेऱ्याहून आलेली. व्याल्यानंतर ती खंगली होती, पुढ्यातलं तणीस, भाताचा वाळका पेंढा, तसंच राहायचं. वासरालाही दूध पुरत नव्हतं.

"माघापर्यंत पाह्यतो," मोठे बाबा म्हणाले. "नाई सुधरली, त बाजारात नेतो."

मोठी आई माझ्या खाटेशी आली. मलाच म्हणाली, "तू आन माही गाय, दोघी सारख्याच. खातही नाई, बोलतही नाई."

धान उभं असतानाच बांधीतल्या, म्हणजे धानाच्या शेतातल्या, ओल्या चिखलात मोठ्या आईने लाखोरीचं बी फेकलं होतं. नांगर नाही, वखर नाही. धान कापणाऱ्या बायका त्यावरून दिवसभर चालल्या, तेव्हा मला वाटलं, आता काय उगवणार? पण पेंढ्या उचलल्यावर धसकटांमधून हिरवं वर आलं आणि पसरत पसरत त्याने मातीच झाकून टाकली. पौषात निळी फुलं आली. सकाळी धुक्यात बांधावर उभी राहिले की जमीन कुठे संपते ते कळत नसे. मी तिथे किती वेळ उभी राहायची, मला विचारू नका.

ही लाखोरी डाळीसाठी राखलेली. त्यात गुरं सोडायची नाहीत, असा मोठ्या बाबांचा हुकूम होता. पण भाजीसाठी कोवळे शेंडे खुडायला बायका कोणालाच विचारत नसत. खुडलं की वेल आणखी फुटतो. मोठी आई रोज टोपलं घेऊन जायची, सोबत मी. मूठभर शेंडे चुलीकडे जायचे. बाकीचं टोपलं गोठ्यात.

गाय आधी नुसती हुंगायची. मग खायला लागली. मग आमची वाट पाहायला लागली.

एकदा मोठे बाबा दारातच आडवे आले. टोपल्याकडे पाहून म्हणाले, "इतकी भाजी कोन खाऊन राह्यलं वो घरात?"

"पोरगी," मोठी आई म्हणाली. "तापातून उठली. भूक लागते तिले."

ते माझ्याकडे वळले. "काहो बाई, तूच खाते?"

 मोठ्या आईने टोपलं कमरेवर घेतलं.

"हो," मी म्हणाले. "मीच."

ते गोठ्याशी गेले. गायीच्या पाठीवरून हात फिरवला. वासरू तिला ढुसण्या देत पीत होतं, त्याच्या तोंडाला फेस आला होता. 

"मंग तणीस मिसळून खात जा," माझ्याकडे न पाहता ते म्हणाले. "निस्ता हिरवा पाला खाल्ला त पोट फुगते."

मोठ्या आईने पदर तोंडाला लावला.

माघातल्या बाजाराला मोठे बाबा एकटेच गेले. आम्ही दोघी तेव्हा बांधीत होतो. शेंगा धरायला लागल्या होत्या, तरी कडेकडेने अजून निळं होतं.