नवसाचा कोंबडा

बहात्तरच्या दुष्काळात धाकट्या भावाचा ताप उतरेना, तेव्हा आईने म्हसोबाला नवस बोलला: पोर उठून बसलं की कोंबडा देईन. आमच्याकडे कोंबडा एकच. आई दिवसभर खडी फोडायला जायची. मागे कुत्र्याने धरला तर नवस फिटायचा कसा, म्हणून तिने त्याला डाल्याखाली कोंडलं. घरात रेशनची लाल ज्वारी, त्यातली मूठ आधी त्याला. मला त्याचा संताप यायचा.

खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली, पण एकही पिल्लू निघालं नाही. आईने दृष्ट काढली, टोपलीची जागा बदलली. दुसऱ्या खेपेलाही तेच. शेवटी शेजारच्या म्हातारीने एक अंडं उन्हाकडे धरून पाहिलं.

"यात काय धरलंच न्हाई. कोंबडा कोंडल्यावर अंडी फळतील कशी? सोड त्याला."

"देवाचा हाय तो," आई म्हणाली.

भाऊ गेला. दुसऱ्या दिवशी आईने स्वतःच डालं उचललं. कोंबडा बाहेर आला, पंख झाडून आरवला.

पुढच्या खेपेला कोंबडी मीच बसवली. सगळी अंडी फळली, अंगणभर पिल्लं झाली. आईने त्यांना एकदाही दाणा टाकला नाही.